सेंद्रिय गोपालन : आधी रान, मग गोठा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांच्या दावणीला आजही गाईम्हशी आहेत, आणि घरची तरुण मंडळी आता सेंद्रिय दुधाचा विचार बोलून दाखवू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु गीर किंवा देवणी गाय आणली की दूध सेंद्रिय झाले, असा जो समज आम्हांस जागोजागी आढळतो, तो दूर करणे अगत्याचे आहे. गाय कोणतीही असो, ती खाते काय, हा मुख्य प्रश्न आहे.

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून अंमलात आहे. त्याच्या नियमाप्रमाणे हंगामी पिकाचे रान पेरणीपूर्वी किमान २ वर्षे सेंद्रिय रीतीने राखावे लागते; मग त्यातील वैरण सेंद्रिय ठरते. तोवर दुधाला भाव नेहमीचाच. हा काळ कशावर काढावयाचा, याचा हिशेब घरातील स्त्रियांसह बसून आधीच मांडावा.

खरी अडचण सरकीच्या पेंडीची आहे. दुभत्या जनावरास सरकी हवीच, असे आपण मानतो. पण २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली, आणि आज बाजारातील बहुतेक सरकी त्याच वाणाची असते. जनुके बदललेल्या पिकाचे खाद्य सेंद्रिय गोठ्यात चालत नाही. कडब्यावर युरिया शिंपडण्याची रीतही सोडावी लागते. तेव्हा सेंद्रिय रानातील भुईमूग व करडईची पेंड, तुरीची चुनी, लसूणघास यांची तजवीज अगोदर हवी. नाहीतर दूध उतरते आणि उत्साहही.

औषधाविषयी एक गैरसमज फार घातक आहे. कास सुजून गाय तळमळत असता ‘सेंद्रिय’पणासाठी औषध रोखणे हे नियमातही बसत नाही, माणुसकीत तर नाहीच. मनाई आहे ती निरोगी जनावरास सरसकट प्रतिजैविके देण्याची. आजारी जनावरास पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्यावे, आणि त्यासाठी दूध न विकण्याची जी मुदत ठरलेली असते, तिच्या दुप्पट काळ ते दूध विक्रीस काढू नये.

खत, पेंड, औषध यांची नोंद तारीखवार ठेवावी. आम्ही उभा जन्म हजेरीपट भरले. गोठ्यालाही तो लागतो, कारण तपासणीस येणारा प्रथम वहीच मागतो.

शेजारच्या रानातील फवारा वाऱ्याने आपल्याकडे येतो. यास्तव येत्या पावसाळ्यात निदान बांधालगत दाट शेवरी लावून घ्यावी. आडोसा होईल, आणि तिचा पाला शेळ्यागाई आवडीने खातात.