पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं तर

(अंकुशनगर, ता. अंबड, जि. जालना येथे ऊसतोड करणाऱ्या बायकांसमोर केलेलं भाषण)



पाळी जाऊन वर्ष झालं आणि त्यानंतर एक डाग जरी पडला, तरी तो तपासून घ्यायचा. पाळी परत आली असं समजायचं नाही. आपण एक तर लपवतो, ‘या वयात कुणाला सांगायचं?’ म्हणून. नाहीतर ‘गाठ आहे, कॅन्सर होईल’ एवढं ऐकून पिशवीच काढून मोकळ्या होतो. मी डॉक्टर नाही, समाजकार्य करते. पण या दोन्हींच्या मधली वाट सांगायला आले आहे.

पिशवीच्या आतल्या अस्तराला कधी कोंबासारखी वाढ होते. तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप साधे असतात. पाळी गेलेल्या शंभर बायकांच्या पॉलिपमध्ये साधारण पाच जणींत कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था सापडते. रक्त जात असेल, वजन फार असेल, मधुमेह असेल तर धोका वाढतो. आपण त्या पाचांत आहोत का, हे नुसत्या सोनोग्राफीवरून ठरत नाही. दुर्बिणीतून पॉलिप काढून तपासायला पाठवतात. खरं उत्तर त्या रिपोर्टात असतं. कॅन्सर निघालाच, तर पिशवी जरूर काढायची. लवकर कळला तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

मग घाई कशाची? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीच्या पाहणीत शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत कितीतरी तरुण होत्या. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. आणि कॅन्सरची भीती घातली की उचल घेऊन ऑपरेशन करायचं! २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याचे नियम लागू करा, असं राज्यांना बजावलं.

तेव्हा पिशवी काढा असं कुणी म्हटलं, तर तीन प्रश्न विचारा. तुकडा तपासला का? रिपोर्ट कुठे आहे? दुसरा उपाय आहे का? कागद हातात घ्या, सरकारी दवाखान्यात दाखवा. आणि मुकादमाला सगळ्या जणी मिळून सांगा, तपासणीच्या दिवसाचा खाडा धरायचा नाही. एकटीचं तो ऐकणार नाही.