श्रोत्यांच्या गळ्यातलं रॉक



संतसाहित्य, इतिहास, शेती, अर्थकारण हे विषय आपण व्याख्यानमालेत वर्षानुवर्षं ऐकतो. रॉकच्या गाजलेल्या बँडची गाणी इतरांनी वाजवायच्या ट्रिब्यूट मैफली आणि तिथे बसलेले श्रोते, हा आजचा विषय काहींना परका वाटला असेल. मावळाला तो परका नाही. बेगडेवाडीहून लोणावळा लोकल पकडली की घोरावडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत ही स्टेशनं मागे टाकून गाडी मळवलीला येते. कार्ल्याची, भाज्याची लेणी पाहायला आपण तिथेच उतरतो. १९७१ साली त्या मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉक महोत्सव भरला होता. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेत वुडस्टॉकचा महोत्सव गाजला, त्याची प्रेरणा त्यामागे होती. रॉकची हवा पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच आपल्या डोंगरांपर्यंत येऊन पोचली होती.

त्या काळातले आपल्याकडचे बहुतेक बँड बीटल्स, रोलिंग स्टोन्स, जिमी हेंड्रिक्स यांची गाणी वाजवत. मूळ कलाकार इथे येतील अशी आशा कोणालाच नव्हती. परदेशी तबकड्या मिळायला अवघड. रेडिओ सिलोन लावायचा, कोणाचा नातेवाईक परदेशातून तबकडी आणेल त्याची वाट पाहायची, ती झिजेपर्यंत ऐकायची आणि कानाने गाणं बसवायचं, अशी ती रीत होती. म्हणजे आपल्या श्रोत्यांची रॉकशी प्रत्यक्ष भेट झाली ती दुसऱ्याच्या गळ्यातून. आज ज्याला ट्रिब्यूट कॉन्सर्ट म्हणतात, त्याचं बीज आपल्याकडे असं आधीपासूनच होतं. म्हणून या मैफलीत बसलेला श्रोता नेमकं काय करत असतो, हे आपण नीट समजून घ्यायला हवं. माझं म्हणणं असं, की अशा मैफलीत गायक निमित्त असतो. गाणं जिवंत आहे की नाही, हे समोर बसलेल्यांवर ठरतं.

पुण्या-मुंबईत अशा मैफलीला बसलं की पहिली प्रतिक्रिया दिसते ती पारखण्याची. श्रोता कानात मूळ ध्वनिमुद्रण घेऊन आलेला असतो. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटी दोन गिटारींची जुगलबंदी सुरू झाली, की तो हाताची घडी घालून ऐकतो. एक सूर इकडचा तिकडे झाला तरी शेजाऱ्याकडे पाहतो. जगभरातल्या ट्रिब्यूट बँडनी या पारखीला उतरण्यासाठी अपार कष्ट घेतले आहेत. इंग्लंडमधला ‘बूटलेग बीटल्स’ १९८० पासून बीटल्ससारखा पोशाख, तशीच वाद्यं आणि तसेच केस घेऊन उभा राहतो. १९८८ मध्ये अ‍ॅडलेडला सुरू झालेल्या ‘ऑस्ट्रेलियन पिंक फ्लॉइड शो’ची ख्याती इतकी वाढली, की १९९६ मध्ये खुद्द पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला या बँडचं वादन झालं. ज्याची गाणी, त्याच्यासमोरच ती वाजवायची, यापेक्षा कठीण परीक्षा कोणती!

पण हुबेहूबपणाला एक मर्यादा आहे. पहिल्या गाण्याला त्याने टाळ्या मिळतात, दहाव्या गाण्यापर्यंत तो पुरत नाही. मराठी श्रोत्याला हे सांगायला नको. बालगंधर्वांची नक्कल करणारे गायक महाराष्ट्राने उदंड ऐकले. तीच लकब, तीच आर्जवी फेक आणि तोच ‘वन्स मोअर’चा आग्रह. मग साठच्या दशकात कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. क्षयरोगाच्या मोठ्या आजारातून उठलेल्या कुमारजींचा दमसास वेगळा होता, गायकी वेगळी होती. त्यांनी नक्कल केलीच नाही. आपल्याला बालगंधर्व जसे भिडले तसे त्यांनी मांडले. श्रोत्यांपुढे त्यांनी अवघड मागणी ठेवली : तुमच्या कानातली जुनी पट्टी बाजूला ठेवा आणि एका गायकाने दुसऱ्याला कसं समजून घेतलं ते ऐका. पुढे ‘कट्यार काळजात घुसली’च्या वेळी अशीच कसोटी लागली. १९६७ मध्ये वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेली खाँसाहेबांची भूमिका २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली. ज्यांनी आजोबांना ऐकलं होतं ते तुलना करणारच होते. पण जे फक्त तुलना करत बसले, त्यांच्या हाती त्या रात्रीचं गाणं लागलं नसणार. रॉकच्या ट्रिब्यूटलाही हेच लागू आहे. पारखणं हा श्रोत्याचा हक्क आहे, पण तिथे थांबणाऱ्याला मैफल दाराबाहेरूनच ऐकल्यासारखी होते.

दुसरी प्रतिक्रिया ओळखीची. डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवात घ्या. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी डिसेंबर १९७१ मध्ये जुगारघराला लागलेल्या आगीवर ते गाणं रचलं गेलं. त्याची गिटारची धून अवघ्या चार स्वरांवर उभी आहे. पहिले तीन आघात कानी पडतात न पडतात, तोच सभागृहातून आरोळी उठते. तोवर गायकाने तोंडही उघडलेलं नसतं. ती आरोळी स्टेजवरच्या वादकासाठी नसते. ज्या खोलीत, ज्या मित्रांबरोबर, ज्या टेपरेकॉर्डरवर ते गाणं पहिल्यांदा ऐकलं, त्या सगळ्याला दिलेली ती हाक असते. दहा ते पंचवीस-तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयातही इतर काळापेक्षा अधिक दाट आठवतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा तपासलं गेलं आहे. त्या वयात ऐकलेलं गाणं म्हणून इतकं खोल रुजतं. साठी उलटलेला गृहस्थ अशा मैफलीत डोळे पुसताना दिसला, तर त्याला हसू नये.

पण मग त्याच रांगेत वीस वर्षांची मुलगी प्रत्येक ओळ तोंडपाठ म्हणत असते, ती कशामुळे? ती गाणी आली तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल क्रमहान्सल आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ मध्ये याचाच शोध घेतला. विशीतल्या विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटली, हे स्वाभाविकच. पण आईवडील तरुण असतानाच्या काळातल्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी आणि भावना घट्ट जोडलेल्या निघाल्या. त्याही मागच्या, साठच्या दशकातल्या गाण्यांशीसुद्धा हे नातं दिसलं. घरात जे गाणं वाजत राहतं ते मुलांचंही होतं. आजीच्या ओव्या, आजोबांचं नाट्यगीत, वडिलांची पिंक फ्लॉइडची कॅसेट, हा वारसा एकाच मार्गाने येतो. ट्रिब्यूट मैफलीत बाप आणि लेक शेजारी उभे राहून एकच गाणं गातात, तेव्हा हा घरातला वारसा चारचौघांत येतो. दोन पिढ्यांना आनंदाने एकत्र उभं करणारी ठिकाणं आज फार उरलेली नाहीत. या मैफलींचं मोल मला सर्वांत जास्त इथे वाटतं.

तिसरी प्रतिक्रिया म्हणजे गाणं. श्रोते स्वतः गाऊ लागतात. इथे महाराष्ट्रात शिकलेल्या एका मुलाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९४६ मध्ये झांझिबारला पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा लहानपणी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहिला. तिथे तो पियानो शिकला. शाळकरी मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवली. पुढे जग त्याला ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डला क्वीनचा कार्यक्रम संपल्यावर श्रोते जागचे हलले नाहीत. त्यांनीच बँडसाठी एक गाणं म्हटलं. ते ऐकून गिटारवादक ब्रायन मे यांच्या मनात आलं, की श्रोत्यांनाच वाद्य करणारं गाणं रचायला हवं. त्यातून ‘वी विल रॉक यू’ जन्माला आलं : दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसालाही एवढं सहज करता येतं. श्रोत्यांच्या प्रतिक्रियेतून गाणं घडल्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने गेला. २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानात त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली. ७२ हजार लोक जमले. एल्टन जॉन, डेव्हिड बोवी, अ‍ॅनी लेनॉक्स, जॉर्ज मायकेल अशा दिग्गजांनी त्याची गाणी म्हटली. त्यांपैकी कोणीही फ्रेडी होऊ शकला नाही, व्हायचा प्रयत्नही केला नाही. ‘रेडिओ गा गा’ला मात्र त्या हजारो हातांनी डोक्यावर एकाच वेळी टाळ्या वाजवल्या, १९८५ च्या लाइव्ह एड मैफलीत वाजवल्या होत्या तशाच. गायक बदलला होता. श्रोत्यांनी आपली जागा सोडली नव्हती. त्या मैफलीच्या पैशातून एड्सविरोधी कामासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. स्मरण असं कामाला लागलं.

आपण देहूच्या शेजारी बसलो आहोत. तुकोबांचे अभंग गेली पावणेचारशे वर्षं दुसऱ्यांच्याच गळ्यातून ऐकू येतात. भजनात मुख्य गायक चरण म्हणतो आणि दोन्ही बाजूंचे टाळकरी ध्रुपद उचलून धरतात. तिथे ऐकणारा आणि गाणारा यांच्यात भिंत नसते. गायक दमला तर टाळकरी त्याला सावरतात. रॉकचा गायक माइक लोकांकडे फिरवतो आणि मैदान पुढची ओळ पूर्ण करतं, तेव्हा मावळच्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. त्या संगीताचा संप्रदाय निराळा आहे, भाषा निराळी आहे. पण गाणं अनेकांनी मिळून तोलून धरायचं असतं, हे आपल्या भजनी मंडळांना कोणी शिकवावं लागलं नाही.

श्रोत्यांकडून अतिरेकही होतो. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सना ऐकायला ५५ हजारांहून अधिक लोक आले. किंचाळण्याचा कल्लोळ एवढा होता, की बँडला स्वतःचंच वादन ऐकू येईना. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६ मध्ये, त्यांनी दौरे कायमचे थांबवले. ते स्टुडिओत शिरले आणि १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम घेऊन बाहेर आले. त्यातली गाणी बीटल्सनी एकत्रितपणे कधीच लोकांसमोर गायली नाहीत. रंगमंचावर ती ऐकायला मिळाली ती पुढे, इतरांमुळे, आणि त्यात ट्रिब्यूट बँडचा वाटा मोठा आहे. श्रोत्यांच्या गोंगाटाने जे गमावलं, ते या बँडनी श्रोत्यांना परत आणून दिलं. म्हणून या कलाकारांना नुसते नकलाकार म्हणणं अन्यायाचं आहे.

यातून श्रोता म्हणून आपलं कर्तव्य निघतं. ओळीच्या वेळी खुशाल गा, पण पिंक फ्लॉइडच्या ‘कम्फर्टेबली नम्ब’मधला गिटारचा एकल भाग सुरू झाला की गप्प राहा. गिटार वाजवणाऱ्या पोराने तो बसवायला महिने घातले असतील. शास्त्रीय मैफलीत समेवर दाद देणारा श्रोता आलाप चालू असताना बोलत नाही, तीच शिस्त इथे हवी. मोबाइल उंच धरून सगळा कार्यक्रम टिपण्यापेक्षा मोकळ्या हातांनी टाळी वाजवा. मागच्या माणसाला स्टेज दिसेल आणि तुम्हालाही गाणं लाभेल.

सर्वांत महत्त्वाचं सांगतो. दुसऱ्याची गाणी म्हणत म्हणतच कलाकार घडतो. फ्रेडीने सुरुवात तशीच केली. बीटल्स हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्ररात्र इतरांची गाणी वाजवत. १९६३ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये १४ पैकी ६ गाणी इतरांचीच होती, ८ स्वतःची. आपल्या मुंबईच्या ‘रॉक मशीन’नेही आधी इतरांची गाणी वाजवली आणि १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. पुढे ‘इंडस क्रीड’ या नावाने तो बँड नावाजला. सहा इतरांची आणि आठ स्वतःची, हा हिशेब जुळायला समोर ऐकून घेणारे लागतात. इथल्या महाविद्यालयांतली मुलं जुनी गाणी झकास वाजवतात. कार्यक्रमाच्या मध्यात ती भीत भीत म्हणतात, की आता आम्ही आमचं एक गाणं म्हणतो. नेमकं तेव्हाच लोक चहाला उठतात आणि मागून ओळखीच्या गाण्याची फर्माईश येते. त्या मुलांचा त्या क्षणी जो हिरमोड होतो, त्याला आपण जबाबदार आहोत.

तेव्हा पुढच्या वेळी ते नवं गाणं लागेल, तेव्हा बसून राहा. चार मिनिटांचा प्रश्न असतो. आवडलं तर मोठ्याने दाद द्या, नाही आवडलं तरी शेवटपर्यंत ऐका. आज जी गाणी आपण अभिजात म्हणून डोक्यावर घेतो, तीही एके दिवशी कोणीतरी पहिल्यांदा, अनोळखी म्हणून, ऐकून घेतली होती. जुन्या गाण्यावरचं आपलं प्रेम खरं आहे की ती नुसती सवय आहे, याची परीक्षा नव्या गाण्याच्या वेळी होते.