ढोलीतला संसार



आज आपणांशी धनेश पक्ष्याविषयी बोलायचे आहे. ढोकीच्या शिवारात ऊस आहे, ज्वारी आहे. जंगल कुठे आहे? मग जंगलातला पक्षी आपणांस कशाला, असे कोणी विचारील. सह्याद्रीतला भला मोठा महाधनेश दाट रानाशिवाय राहत नाही, हे खरे. पण त्याचा धाकटा भाऊबंद राखी धनेश दख्खनच्या कोरड्या मुलखातही राहतो. जुने वड, पिंपळ, उंबर हेच त्याचे जंगल.

दोन फूट लांबीचा, राखी रंगाचा हा पक्षी. चोच बाकदार, तिच्यावर लहानसे शिंग. म्हणून याला शिंगचोचा म्हणतात.

याचा संसार मोठा नवलाचा आहे. उन्हाळ्यात मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांचा गर यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट तेवढी राहते. आत ती अंडी घालते आणि पंखांची पिसेही गाळते, म्हणजे उडणे बंद. कित्येक आठवडे नर बाहेरून उंबरे, किडे आणून फटीतून भरवतो. आता विचार करा, पोराच्या बेचकीने हा एक नर पडला, तर आतल्या मायलेकरांचे काय होईल? उपासमारच की!

दुसरी गोष्ट अशी, की चोच एवढी मोठी असूनही सुतारपक्ष्याप्रमाणे लाकूड कोरणे धनेशाला जमत नाही. त्याला तयार ढोली लागते, आणि मोठी ढोली पडते ती जुन्या झाडाला. आपण मात्र पोकळ झाड निकामी समजून आधी त्याच्यावरच कुऱ्हाड चालवतो. त्याच्या बदल्यात रोप लावले, तरी त्याला ढोली पडायला नातवंडांचा काळ उजाडेल. खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर टाकून हा पक्षी आपल्यासाठी झाडे पेरतो, तेही फुकट!

सांधेदुखीवर चरबी चालते या समजुतीपायीही धनेश मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याच्या शिकारीला बंदी आहे. पण बांधावरच्या झाडाची राखण आपणांसच करावी लागेल.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. मुलांना घेऊन गावातल्या जुन्या, ढोली असलेल्या झाडांची यादी करा. ढोलीजवळ जाऊ नका, लांबूनच पाहा. आणि शेतकरी बंधूंनो, पोकळ झाड तोडण्यापूर्वी चार दिवस त्याच्याकडे लक्ष ठेवा. आत कोणाचे घर असेल, तर कुऱ्हाड खाली ठेवा.