घास भरवणाऱ्यांचे प्रशिक्षण
(पंडरी, रायपूर येथे रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या सभेत केलेले भाषण)



पंडरीत आपण एरवी जमतो ते महागाई भत्ता, पेन्शन, खासगीकरण यांवर बोलायला. आज बोलायचे आहे घास गिळण्यावर. काहींना हसू येईल. पण आपल्या निवृत्त गार्डाला, सॉर्टरला पक्षाघात किंवा कंपवात झाला की दिसतो तो लुळा हात, आणि जिवावर बेततो तो घसा. अन्नपाणी श्वासनलिकेत उतरते, त्यातून न्यूमोनिया होतो. ठसका लागला तर निदान कळते. पुष्कळांना तोही लागत नाही. जेवणानंतर आवाज घरघरता येतो, अधूनमधून ताप येतो, वजन उतरते, आणि घरचे म्हणतात, वय झाले.

अशा माणसाला भरवते कोण? वृद्धाश्रमातली किंवा एजन्सीने पाठवलेली बाई. तिला हे कोणी शिकवलेले नसते. पडल्यापडल्या पाणी पाजणे, मान मागे टाकून वरून ओतणे, पहिला घास उतरायच्या आत दुसरा देणे, हे सारे ती मायेनेच करते. इथे घरोघरी बोरे बासी असते. १ मे २०२२ रोजी कामगार दिनी ती खाण्याचे आवाहन राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच केले होते. धडधाकट माणसाला ती उत्तम. पण पातळ पाणी आणि सुटी शिते एकाच घोटात सांभाळणे कमजोर घशाला फार अवघड. पातळ ताकातल्या भाताचेही तेच.

आता नवे यंत्र आले आहे. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखा हेडसेट चढवला की चहूकडे दुसरीच खोली दिसते. त्याला आभासी वास्तव म्हणतात. परदेशांत वृद्धाश्रमाच्या कर्मचाऱ्यांना गिळण्याच्या अडचणी अशा पद्धतीने शिकवू लागले आहेत. शिकणाऱ्याला खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या जागी बसवता येते. उभ्या माणसाचा चमचा वरून येतो, आपली मान आपोआप मागे जाते. मग समोर बसून का भरवायचे, हे वेगळे सांगावे लागत नाही. चुकले तरी कोणी गुदमरत नाही. आपल्या लोको पायलटांना सिम्युलेटर ठाऊक आहे. पण सिम्युलेटरवर पास झाला म्हणून कोणी अनोळखी सेक्शनवर गाडी काढत नाही. आधी रोड लर्निंगच्या फेऱ्या होतात. हेडसेटमध्ये पेजेचा दाटपणा हाताला लागत नाही, कवळीखाली अडकलेले शीतही नाही.

दाटपणा मोजायला महागडे यंत्र लागतही नाही. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीत अन्नपाण्याच्या ० ते ७ पायऱ्या आहेत. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये १० मि.ली. द्रव भरायचा, १० सेकंद वाहू द्यायचा, उरलेला मोजायचा. १ मि.ली.पेक्षा कमी उरला तर पातळ. ८ च्या वर उरला तर बराच दाट. मात्र सिरिंजवरची ० ते १० ची पट्टी ६१.५ मि.मी. लांब हवी, नाहीतर माप फसवे. कोणाला कोणती पायरी, हे स्पीच थेरपिस्टने ठरवायचे. बोलण्याचा हा तज्ज्ञ गिळणेही तपासतो, हे आपल्यात थोड्यांनाच माहीत असते. सरसकट सगळ्यांचे पाणी दाट करणेही बरे नव्हे. ते नकोसे होऊन माणूस पाणीच कमी पितो.

तेव्हा हेडसेटला आपला विरोध नाही. पंडरीतच जिल्हा रुग्णालय आहे, आणि २०१०-११ साली सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध विभाग धरलेला आहे. प्रशिक्षण अशा खाटांजवळ व्हावे, छत्तीसगढीत व्हावे. शिकण्याचा दिवस कामाचा दिवस धरावा. हेडसेट प्रत्येक चुकीची नोंद ठेवू शकतो. ती नोंद मालकाच्या हाती जाऊ नये. इंजिनातल्या वेगाच्या नोंदीवरून आरोपपत्र कसे येते, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको.

आणि मालक म्हणजे दर वेळी दुसराच कोणी नसतो. आठ तासांच्या पाळीसाठी लढलेलो आपण घरच्या आजाऱ्यासाठी बाई ठेवतो ती बारा तासांची, साप्ताहिक सुट्टीशिवाय. बारा तासांनंतर कोणाच्या हातचा चमचा सावकाश चालेल? तिच्या पाळीचा आणि सुट्टीचा ठराव आजच्या सभेपुढे आहे, आणि तो आधी आपल्यालाच लागू होणार आहे.

मागच्या टेबलावर सिरिंजा ठेवल्या आहेत, पेज आणि ताकही. जाण्यापूर्वी मोजून पाहा.