तेरचा मणी कुठे सापडला?



मी प्रोग्रॅमर माणूस, भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर आपल्याला गोरोबाकाकांचं गाव म्हणून माहीत. पण 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात ते तगर आहे, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर! इथला माल गाड्यांतून भडोचला जाई. पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती तेरलाही सापडली.

गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू जमवल्या. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तिथे आहे. आपण ऑनलाइन संग्रहालय करतोय ते गावकऱ्यांच्या घरांत राहिलेल्या वस्तूंचं. वस्तू घरातच राहतील, आपण फक्त फोटो, माप आणि माहिती घेणार.

साइट मी दोन वीकएंडांत उभी केली. अडलं ते एका रकान्यापाशी : 'सापडल्याचे ठिकाण'. एका आजोबांनी डबीतून मणी काढून दाखवला. कुठे मिळाला? "ओढ्याच्या वळणावर, चिंचेखाली." चिंच केव्हाच तोडलीय! ती जागा दाखवणारे आता तेच. जागा गेली की मणी नुसता मणी उरतो.

म्हणून पैसे सर्व्हरला नकोत, तो माझ्याकडे लागला. कॅमेरा, दिवे आणि घरोघर फिरणाऱ्या गावातल्या दोन मुलांचं मानधन, एवढ्यासाठी हवेत. आजोबांना घेऊन ओढ्यावर जायचंय, पावसाळ्याच्या आत. पावतीपुस्तक चहाच्या टेबलावर ठेवलंय.