मनगटावरचे घड्याळ आणि उन्हातले काम

हल्ली खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजारात हजार ते अडीच हजार रुपयांत स्मार्टवॉच मिळते. नॉईज, बोट, फायर-बोल्ट अशी त्यांची नावे आपल्या पोरांना पाठ आहेत. पोरगा हौसेने घड्याळ आणतो, बापाच्या मनगटाला बांधतो, आणि बाप विचारतो, "अरे, पण याचा वावरात उपयोग काय?" आज त्याच प्रश्नाचे उत्तर देणार आहे. यातली एक गोष्ट खरी कामाची आहे. ती म्हणजे नाडीचे ठोके. बाकीच्या गोष्टींपैकी काही सोयीच्या आहेत, तर काहींवर विसंबले तर जिवावर बेतेल.

घड्याळ उलटे करून पाहा. मागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा उजेड शोषून घेते. ठोका पडला की मनगटात रक्त वाढते आणि परत येणारा उजेड कमी होतो. हा चढउतार मोजून घड्याळ ठोके सांगते. म्हणूनच पट्टा सैल असला, खाली घाम साचला किंवा हात जोरात हलत असला की आकडा चुकतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, अंगाला टेकेल असे बांधा. भगिनींनी बांगड्यांच्या वर बांधावे. घेतल्यावर पडताळाही पाहा. स्वस्थ बसून दुसऱ्या हाताच्या तीन बोटांनी नाडी धरा, अर्धा मिनिट ठोके मोजा, दुप्पट करा. घड्याळाचा आकडा चार-पाचाच्या फरकाने जुळला तर चालेल.

आता हा आकडा वापरायचा कसा? आपल्याकडे घाटाखाली मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो. नांगरटीनंतरची धसकटे वेचणे, शेणखत पसरणे ही कामे त्याच दिवसांत येतात. अंगात ऊन भरू लागले की शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला जास्त धडधडावे लागते, आणि माणसाला उमगण्याआधी ते नाडीत दिसू शकते. विसावलेल्या धडधाकट माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असतात. सकाळी उठल्याबरोबर आपले किती पडतात ते आठवडाभर पाहून ठेवा. मग कामात सावलीला बसाल तेव्हा बसल्याबसल्या लगेच आकडा पाहा. तो ११० च्या वर असेल तर विसावा नेहमीइतकाच घ्या, पण पुढची कामाची पाळी तिसऱ्या हिश्शाने कमी करा. तासाभराची पाळी असेल तर चाळीस मिनिटांवर आणा. पुन्हा ११० च्या वर गेला तर आणखी तिसरा हिस्सा कमी करा. उन्हात राबणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेत हाच नियम सांगतात. आपल्या मजुरांना तो लागू करायला घड्याळच पाहिजे असे नाही. बोटाने नाडी मोजली तरी भागते.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच मंद राहतात. अशा माणसाचा आकडा ९० दिसला तरी तो बेतात आहे असे समजू नका, डॉक्टरांना विचारा. दुसरे असे, की माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापले, तर घड्याळाकडे पाहत बसू नका. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

फवारणीच्या वेळी घड्याळ घरी खुंटीला अडकवा. पट्ट्याखाली औषध साचते आणि तासन् तास कातडीला लागून राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. विषबाधेत नाडी कधी मंदावते, कधी वाढते, म्हणून आकडा बरा दिसला तरी त्यावर जाऊ नका. लाळ गळणे, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही लक्षणे पाहा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

आता पावलांचे. रोज दहा हजार पावले चाला असे घड्याळ सांगते. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानात पावले मोजायचे यंत्र विकताना पुढे आला. डवरणी करणाऱ्या माणसाला तो कशाला पाहिजे? शिवाय ही मोजणी हाताच्या हालचालीवर चालते. खाचखळग्यांच्या रस्त्याने मोटारसायकल नेली की पावले वाढतात, आणि दिवसभर बसून निंदण करणाऱ्या बाईची पावले हजारभरसुद्धा भरत नाहीत. घड्याळाच्या हिशेबी ती बाई आळशी! अशा हिशेबावर कुणी कुणाला बोल लावू नये.

काही स्वस्त घड्याळे रक्तदाब आणि साखरही दाखवतात. इथे मी स्पष्टच बोलतो, विश्वास ठेवू नका. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांविरुद्ध अमेरिकेच्या औषध खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना सावध केले आहे. खोट्या आकड्यावर इन्सुलिन कमीजास्त केले तर जीव जाऊ शकतो. दुकानात घड्याळ पाण्याच्या बाटलीला बांधून पाहा. बाटलीचाही रक्तदाब १२० वर ८० दाखवला तर काय ते समजा. साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रातच तपासा.

सोयीची गोष्ट म्हणाल तर गजर. थ्री फेजची लाइट रात्रीच्या पाळीला असली की दोन वाजता पाणी द्यायला उठावे लागते. हे घड्याळ मनगटाला थरथरून उठवते, लेकरे जागी होत नाहीत. मोटारीपाशी जाताना उजेडाला मात्र बॅटरीच न्या, घड्याळाचा उजेड साप दाखवायला पुरत नाही.

खोक्यावर आयपी ६७ किंवा ६८ लिहिलेले असते. त्यातला ६ धुळीसाठी आणि पुढचा आकडा साध्या पाण्यासाठी आहे. साबण, गरम पाणी किंवा औषध सोसेल असा त्याचा अर्थ नव्हे. पट्टा रोज संध्याकाळी धुऊन, पुसून ठेवा, नाहीतर घामाने खाज सुटते. पक्के बिल घ्या आणि वॉरंटीच्या कागदावर दुकानदाराचा शिक्का मारून घ्या.