कोणत्या ऑपरेशननं ताकद जाते?

बचत गटाच्या बैठकीत कुटुंब नियोजनाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आमच्या मालकांना नसबंदीचं विचारलं, तर म्हणाले, मला काय बैल करायचंय का?" सगळ्या हसतात, आणि ऑपरेशनच्या यादीत नाव लागतं ते बाईचंच. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्यानं नसबंदी केलीय असं सांगणाऱ्या होत्या ०.३ टक्के. म्हणजे हजार जोडप्यांमागं तीन पुरुष.

आज त्या बैलाच्या वाक्याचं नीट उत्तर देऊ. हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. गोऱ्हा बैल झाला की काय होतं, हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? वळूचा माज उतरतो, मान तेवढी भरत नाही, गाईमागं धावणं थांबतं, तो शांतपणे औताला चालतो. तसं आपलं होईल, ही भीती पुरुषाच्या मनात असते. त्यात आणीबाणीत, १९७६ साली, माणसं धरून नेऊन नसबंद्या केल्या गेल्या. ती आठवण कितीतरी घरांत अजून आहे, आणि ती खरी आहे. तेव्हा रागावून उपयोग नाही, समजून सांगायला हवं.

वळूचा तो माज येतो कुठून? टेस्टोस्टेरॉन नावाच्या एका हार्मोनमुळं. हार्मोन म्हणजे शरीरात एका ठिकाणी तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या ठिकाणी निरोप नेणारा पदार्थ. टेस्टोस्टेरॉन मुख्यतः वृषणांत, म्हणजे पुरुषाच्या अंडाच्या दोन गोळ्यांत तयार होतं. मुलगा वयात येताना आवाज फुटतो, मिसरूड येतं, खांदे भरतात, ते याच निरोपानं. रक्तातल्या लाल पेशी वाढवण्याचा निरोपही हेच देतं. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात आणि बाईचं १२ च्या खाली, या फरकामागं हे एक कारण आहे.

आता मुद्दा असा, की हा निरोप कोणत्या वाटेनं जातो? याचा उलगडा एका कोंबड्यानं केला. जर्मनीत गॉटिंगेन गावी अर्नोल्ड बर्थोल्ड नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी सहा कोंबड्यांवर केलेला प्रयोग १८४९ साली छापून आला. कोंबड्याची वृषणं पोटात असतात. दोघांची त्यांनी पूर्ण काढून टाकली. ते कोंबडे मऊ झाले. तुरा फिका पडला, आरवणं गेलं, भांडणं गेली. उरलेल्या चौघांच्या पोटात मात्र त्यांनी एकेक वृषण परत ठेवलं, काहींच्या पोटात तर दुसऱ्याच कोंबड्याचं. मूळच्या जागेपासून तोडलेलं, कोणत्याही जुन्या नळीला न जोडलेलं. ते आतड्याजवळ रुजलं आणि त्याला नवीन रक्तवाहिन्या फुटल्या. हे चारही कोंबडे तुरा ताठ करून आरवले, भांडले, कोंबड्यांमागं लागले. म्हणजे नळी असो वा नसो, रक्त पोचलं की काम भागतं. तेव्हा टेस्टोस्टेरॉन हे नावसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं. ते शुद्ध स्वरूपात हाती लागलं १९३५ साली.

आता गोऱ्ह्याकडं या. जनावरांचे डॉक्टर चिमटा लावतात तेव्हा वृषणाकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिरडल्या जातात. रक्त बंद झालं की वृषण सुकतं, आणि टेस्टोस्टेरॉनचा झराच आटतो. माणसाच्या नसबंदीत रक्तवाहिन्यांना हात लावत नाहीत. वृषणापासून शुक्राणू वाहून नेणारी एक बारीक नळी असते, शेवईपेक्षा थोडी जाड. दोन्ही बाजूंची ती नळी तेवढी तोडून बांधतात. वृषण जागेवर, रक्तपुरवठा जागेवर, टेस्टोस्टेरॉन पहिल्यासारखं रक्तात. शेतातली पाइपलाइन बंद केली म्हणून विहिरीचं पाणी आटत नाही, तसंच हे. दाढी, आवाज, कामाचा जोर, बायकोजवळ जाण्याची इच्छा, काही कमी होत नाही. वीर्यसुद्धा दिसायला पहिल्याइतकंच राहतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो.

बिनटाक्याची नसबंदी असेल तर जागा बधिर करून थोड्या वेळात काम होतं, माणूस त्याच दिवशी घरी येतो. दोनचार दिवस जड उचलायचं नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षानं सांभाळायची. नळीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा, आणि मग वीर्याची तपासणी करून खात्री करून घ्यायची. हे न सांभाळल्यानं दिवस राहिले, आणि संशय बाईवर आला, अशी घरं मोडताना पाहिली आहेत.

ताकदीच्याच नावाखाली एक उलटा प्रकार चालतो, तोही सांगते. तालुक्याच्या गावी जिममध्ये जाणारी काही पोरं दंड फुगवायला याच हार्मोनची इंजेक्शनं घेतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना सांगतो, आता तुम्ही थांबा. मग शुक्राणू तयार होणं मंदावतं, कधीकधी पार शून्यावर येतं. बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण त्याला महिनोन्‌महिने लागू शकतात. दिसायला पहिलवान, आणि मूल होत नाही म्हणून गंडेदोरे बायकोच्या गळ्यात! मूल होत नसेल तर आधी नवऱ्याची वीर्यतपासणी करा. ती सगळ्यात सोपी आणि स्वस्त आहे.

इथवर पुरुषांचं झालं. आता आपल्याकडं वळू.

टेस्टोस्टेरॉनला पुरुषांचं हार्मोन म्हणतात, पण ते आपल्याही अंगात असतं. पुरुषाच्या एका लहान कपभर रक्तात ते साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम, तर आपल्या तेवढ्याच रक्तात १५ ते ७० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. आपला वाटा लहान, पण बिनकामाचा नाही. बाईचं हार्मोन म्हणून ज्याचं नाव घेतात ते इस्ट्रोजेन आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉनसारख्याच पदार्थांपासून बनतं. दुधाशिवाय दही कुठून येणार? पुरुषांच्या अंगातही थोड्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, आणि तेच त्यांची हाडं सांभाळतं. बाईचं आणि पुरुषाचं अशी वाटणी आपण केली, शरीरानं केलेली नाही.

आपल्यात ते बनतं स्त्रीबीजकोषांत, म्हणजे गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढ्या ज्या दोन गाठी असतात त्यांत, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत, आणि काही कातडीत व चरबीत. विशीत जेवढं असतं त्याच्या निम्म्यावर ते चाळिशीपर्यंत हळूहळू येतं. पण पाळी गेली म्हणून बीजकोष हे काम सोडत नाहीत. इस्ट्रोजेन देणं त्यांनी जवळजवळ थांबवलं तरी टेस्टोस्टेरॉन ते पुढं कितीतरी वर्षं देत राहतात. हे वाक्य लक्षात ठेवा. "आता पाळी गेलीच आहे, पिशवीबरोबर तेही काढून टाकू" असं कोणी म्हणालं, तर हे आठवायला हवं.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाची उचल डोक्यावर, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीत, पांढरं जात असताना, ओटीपोट दुखत असतानाही मोळ्या उचलायच्या, फडात ना संडास ना पाणी. मग बाई दवाखान्यात जाते, तिला कॅन्सरची भीती घातली जाते, आणि कर्ज काढून पिशवी काढली जाते. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितलं गेलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या. नंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांत एक. देशभरात १५ ते ४९ वयात हे प्रमाण शंभरात साधारण तीन आहे.

पुरुष ज्या ऑपरेशनला ताकद जाईल म्हणून घाबरतो, त्यात काही जात नाही. आपण मात्र दुसरंच एक ऑपरेशन "कटकट गेली" म्हणून करून घेतो, आणि त्यात पुष्कळ जाऊ शकतं.

किती जातं हे काय काढलं त्यावर आहे. नुसती पिशवी काढली आणि बीजकोष ठेवले, तर पाळी थांबते पण हार्मोन येत राहतात. काही जणींत ते थोडं लवकर मंदावतं. दोन्ही बीजकोष काढले तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं आणि टेस्टोस्टेरॉन साधारण निम्म्यावर येतं. पस्तिशीतल्या बाईला रात्री अंगातून वाफा निघतात, झोप उडते, सांधे धरतात. हाडं आतून पोकळ होऊ लागतात, त्याचं मुख्य कारण इस्ट्रोजेन जाणं. उभारी राहत नाही, नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही. घरात बोलणी बसतात, "हिचं आताशा लक्षच नाही." बोलणाऱ्याला कारण माहीत नसतं, आणि तिलाही कोणी सांगितलेलं नसतं.

पिशवी कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, औषधानंही रक्तस्राव थांबत नसेल, मोठ्या गाठी असतील, अंग बाहेर येत असेल, तर काढावी लागते. पण पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं असतं, ते गोळ्यांनी बरं होतं. सोनोग्राफीत दिसलेली बीजकोषातली लहान पाण्याची गाठ बऱ्याचदा दोनतीन महिन्यांत आपोआप विरते. ऑपरेशन सुचवलं तर एवढं विचारा: "माझे बीजकोष ठेवणार की काढणार? काढणार असाल तर का?" उत्तर कागदावर घ्या, आणि तो कागद घेऊन ग्रामीण रुग्णालयात किंवा संभाजीनगरला घाटीत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. ज्यांचं आधीच झालंय त्यांनी डिस्चार्ज कार्ड शोधा आणि काय काढलं ते आशाताईकडून वाचून घ्या. बीजकोष गेले असतील तर डॉक्टरांना तसं सांगा. कॅल्शियम, हाडं, रक्तदाब यांची काळजी इतरांपेक्षा लवकर सुरू करावी लागते. वाफा असह्य असतील तर त्यावरही औषध आहे, मात्र ताकदीची इंजेक्शनं आणि चूर्णं स्वतःच्या मनानं घेऊ नका.

एक राहिलं. हेच हार्मोन आपल्यात जास्त झालं तर? ज्या पोरीची पाळी दोनदोन महिने चुकते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुम जात नाहीत, मानेवर काळपट थर दिसतो, तिला बहुधा पीसीओएस असतो. दहा जणींत साधारण एकीला असतो. लोक तिला मिशीवाली म्हणतात, आलेलं स्थळ परत जातं. पोरगी अर्धी पुरुष वगैरे काही नसते. तिच्या अंगात इन्सुलिन नीट काम करत नाही, ते वाढतं आणि बीजकोषांकडून जास्त टेस्टोस्टेरॉन काढून घेतं. वजन जास्त असेल तर ऐंशी किलोचं पंचाहत्तर झालं तरी पुष्कळ जणींची पाळी मार्गी लागते, बाकीला गोळ्या आहेत. तिला मूलही होऊ शकतं. मात्र दोनचार महिन्यांतच भराभर केस वाढले आणि आवाज घोगरा झाला, तर थांबू नका. क्वचित कधी आत गाठ असते, लगेच दाखवा.

नसबंदीचं बोलणं घरात काढायचं असेल, तर कोंबड्याची गोष्ट आधी सांगा. पुरुषमाणसं ती चवीनं ऐकतात.